शाळेच्या सेवा मंडळातल्या मुलांना नेमकं कोणतं काम द्यावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालयही आहे. यंदा नववी आणि अकरावीच्या मुलांचं सेवा मंडळ सुरू करायचं ठरलं आणि जबाबदारी माझ्याकडे आली. चाळीसेक मुलांनी आपणहून नावं दिली आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोनेक तास मिळतील.

वरून आलेल्या यादीत वृक्षारोपण, वृद्धाश्रमाला भेट, घाटाची स्वच्छता आणि प्लॅस्टिकमुक्तीची फेरी आहे. प्रत्येकापुढे तारीख आहे आणि 'छायाचित्रांसह अहवाल' असंही लिहिलंय. यादी वाचून माझं समाधान झालं नाही. सकाळी जाऊन दुपारी परत आलो की काम संपलं, असंच त्यातलं सगळं आहे. मुलांचा कोणाला तरी खरोखर उपयोग व्हावा आणि काम वर्षभर चालावं, एवढीच इच्छा आहे.

दोन प्रश्न आहेत. १४ ते १७ वयाच्या मुलांना झेपेल आणि समोरच्यालाही हवं असेल असं काम कोणतं? आणि तासांची नोंद, प्रमाणपत्र वगैरे ठेवावं का? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

माणदेशी

फेरी काढलीच तर निदान फलक कापडाचा करा. आमच्याकडे प्लॅस्टिकमुक्तीचा फ्लेक्स चौकात अजून फडफडतोय. :)

बाकी धागा चांगला. वाचतोय.

जुना_स्वयंसेवक

ताई, तासांच्या प्रश्नावर आधी लिहितो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हापासून तिचा सांगाडा तासांवरच उभा आहे. वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. मी कॉलेजात असताना योजनेत आलो तो गुणांसाठीच. मुंबई विद्यापीठात तेव्हा तास पूर्ण करणाऱ्याला दहा वाढीव गुण मिळायचे. पण शिबिरात गेल्यावर गुण डोक्यातून निघून गेले. पहिल्यांदाच हातात कुदळ घेतली, पहिल्यांदाच पंचवीस जणांसाठी पिठलं ढवळलं, आणि ज्यांच्याशी वर्गात कधी बोललो नव्हतो अशी मुलं मित्र झाली.

म्हणून माझं मत असं की नोंद ठेवा. मूल कोणत्या दारातून आत येतं याला फारसं महत्त्व नाही. आत त्याला काय मिळतं ते बघा.

बांधावरून

जुना_स्वयंसेवक, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. आमचं गाव हे शिबिर जिथे भरतं त्या गावांपैकी आहे. त्यामुळे दुसरी बाजूही इथे यायला हवी.

शिबिरं येतात डिसेंबर-जानेवारीत, कारण कॉलेजला तेव्हा सोयीचं असतं. काम ठरतं वनराई बंधारा. आता हा बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यावर एकावर एक सांधेमोड करून रचायच्या. स्वस्त आणि मस्त काम. पण ते करायचं पाऊस थांबल्याबरोबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढा वाहता असताना. जानेवारीत आमच्या ओढ्यात अडवायला पाणीच नसतं. तरी मुलं येतात, कोरड्या पात्रात गोण्या रचतात, फोटो निघतात. मुलं मनापासून राबतात, त्यांना बोल लावणार नाही. पण गावाला कधी काय लागतं हे आधी कोणी विचारलंय, असं मला आठवत नाही.

कोयनाकाठ, तुम्ही यादी बाजूला ठेवा आणि आधी विचारायला जा. मुलांनाच पाठवा विचारायला. पहिला महिना त्यातच जाऊ दे.

जुना_स्वयंसेवक

बांधावरून, मुद्दा मान्य. वेळापत्रक कॉलेजचं असतं, ओढ्याचं नसतं. आमच्या विभागात मात्र एक काम अगदी वेळेवर व्हायचं, ते आषाढी वारीचं. निर्मल वारीत आमची पोरं मुक्कामाच्या गावी पहाटे तीनपासून फिरत्या शौचालयांजवळ उभी असायची. वारकऱ्यांना हात जोडून तिकडे वळवायचं, आत पाणी आहे ना ते बघायचं, रांग लावायची. काम फोटोत छान दिसणारं नव्हे, पण पालखी पुढे गेल्यावर मागच्या गावाला फरक कळायचा. गावकऱ्यांनीच पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं.

पोटोमॅककाठी

अमेरिकेतून लिहितेय. आमच्या मेरीलँड राज्यात हायस्कूल पूर्ण करायला ७५ तासांची समाजसेवा सक्तीची आहे. शेजारच्या वॉशिंग्टन डीसीत १०० तास. मुलगी सहावीत गेली तेव्हापासून तास जमवतेय.

सक्तीची सेवा म्हणजे काय सेवा, असं मलाही आधी वाटायचं. आता तसं वाटत नाही, कारण नियमात तीन टप्पे आहेत: तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतर त्यावर विचार करून लिहिणं. नुसतं हजर राहून भागत नाही. लेक गरजूंना अन्न पुरवणाऱ्या अन्नपेढीत जाते. आलेल्या डब्यांच्या तारखा तपासायच्या, मुदत संपलेले बाजूला काढायचे, उरलेले प्रकारवार लावायचे. एकदा घरी येऊन म्हणाली, "आई, लोक आपल्याला नको असलेलं देतात, त्यांना लागणारं नाही." त्यानंतर आमच्याकडून जाणारी पिशवी तीच भरते. त्यात तेल आणि डाळ असते.

इथल्या हायस्कुलांत 'की क्लब' नावाचे क्लब असतात. सुरुवात १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या एका शाळेत झाली. त्यांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे कारभार मुलांच्या हातात असतो. अध्यक्ष, खजिनदार, सभेचा वृत्तांत, सगळं मुलंच बघतात. शिक्षक मागे बसतात. कोयनाकाठ, हे तुम्हाला लगेच करता येईल.

ओंटारिओतला_दादा

आमच्याकडे कॅनडात चाळीस तास. इथे तास भरणारी मुलंही दोन प्रकारची असतात. एक नववीतच संपवून मोकळी होतात, दुसरी बारावीच्या मार्चमध्ये मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांना फोन करतात, "काका, काही काम आहे का हो?" मी तो काका. खुर्च्या मांडायला कधीही नाही म्हणत नाही. :)

हिरवा_चाफा

वृक्षारोपणावर बोलतो, कारण तो माझा विषय आहे. राज्यात २०१६ला २ कोटी, २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं होती. शाळांनी त्यात मोठा भाग घेतला. मुलं जुलैत खड्डे भरून परतली. झाड जगतं की मरतं ते ठरतं मार्च ते मे या तीन महिन्यांत, आणि तेव्हा शाळेच्या परीक्षा आणि सुट्टी.

तरी झाडं लावायचीच असतील तर थोडीच लावा. शाळेच्या आवारात किंवा जवळच्या वस्तीत, जिथे उन्हाळ्यात पाणी घालणारं माणूस नावानिशी ठरलेलं असेल. करंज, कडुलिंब, कवठ, बहावा अशी इथलीच झाडं घ्या. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, बाहेरून आलेलं झाड) फांद्या खोचून आकडा वाढवू नका. मला विचाराल तर मंडळाने पहिल्या वर्षी नवीन झाड लावूच नये, गेल्या तीन वर्षांत शाळेने लावलेली किती उरलीत ते मोजून ती जगवावीत.

सावलीतली_माणसं

मी एका वृद्धाश्रमात काम करते, म्हणून भेटीबद्दल.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. चाळीस मुलं एकदम येतात, गाणी म्हणतात, फळं वाटतात, आजीआजोबांच्या पाया पडतात आणि तासाभरात जातात. संध्याकाळी आमच्या काही आज्या जेवत नाहीत. मुलं गेल्यावर त्यांना नातवंडं आठवतात. फळांचं म्हणाल तर १५ ऑगस्टला इतकी केळी येतात की संपत नाहीत, आणि २० तारखेला एकही नसतं.

दर शनिवारी चारच मुलं या. तीच चार मुलं. एखाद्याने पेपर वाचून दाखवावा, एखाद्याने नखं कापून द्यावीत, फोनवर मुलाचा नंबर लावून द्यावा, चष्म्याचा स्क्रू घट्ट करावा. एक आजोबा आमच्याकडे बुद्धिबळाला जोडीदार शोधतायत. आणि एक शनिवार येणार नसाल तर आधी सांगा. आमची माणसं सकाळपासून कपडे बदलून बसतात.

बांधावरून

सावलीतली_माणसं, तुमचा प्रतिसाद शाळेच्या सूचनाफलकावर लावायला हवा.

विचारू_का

थोडा वेगळा सूर लावतो. माझी मुलगी नववीत आहे. शाळा, क्लास, घरचा अभ्यास यात तिला शनिवारची दुपारच मोकळी असते. तीही द्यायची का? दुसरं, स्वच्छता ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. करातून पगार घेणारी माणसं असताना मुलांच्या हाती झाडू का? ही सेवा की फुकटची मजुरी?

जुना_स्वयंसेवक

ज्यांना द्यायची नाही त्यांनी देऊ नये. ताईंनी लिहिलंय की मुलांनी आपणहून नावं दिली आहेत.

ऋतुगंध

विचारू_का, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझा पाठिंबा आहे. पगारी माणसाचं काम मुलांनी करू नये. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात मुलं घाटावर निर्माल्य वेगळं जमा करतात ते मला पटतं. कारण त्या एका दिवशी हात कमी पडतात, आणि नदीत जाणारं निर्माल्य खतासाठी वळवता येतं. एरवी रोजचा घाट झाडायला पालिकेची माणसं हवीत. मुलांनी फार तर त्यासाठी पालिकेकडे अर्ज करायला शिकावं. तीसुद्धा सेवाच.

आणि एक विनंती. कामं वाटताना बघा. आमच्या वेळच्या शिबिरात मुलगे खणायला आणि मुली स्वयंपाकाला, असंच असायचं. पाटी उचलायची माझी इच्छा होती, पण दिवसभर पोळ्या लाटल्या. जुना_स्वयंसेवक यांनी पिठलं ढवळलं हे वाचून बरं वाटलं. :)

बालाघाटचा

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, आई-वडील ऊसतोडीला जायचे. कराड भागाचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. लहानपणी मी तुमच्याच बाजूच्या कारखान्यांच्या तळांवर राहिलोय.

दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, मार्चपर्यंत किंवा पुढेही राहतात. माणसं पहाटेच्या अंधारात फडावर जातात. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, मागे राहतात लहान पोरं आणि त्यांना सांभाळणारी आठ-दहा वर्षांची बहीण. तिची गावची शाळा त्या हंगामापुरती सुटते, आणि पुष्कळदा सुटते ती सुटतेच. तोडणी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही नावापुरत्या. गाव सोडून परमुलखात आलेल्या पोराला वाचता येणारं मोठं भावंड भेटलं, तर त्याचा किती आधार वाटतो हे मी सांगू शकतो. मला एका गावच्या दादाने बाराखडी घोटवून घेतली होती. तो हायस्कुलात होता. रोज नाही यायचा, पण हंगाम संपेपर्यंत यायचा.

तुमची मुलं शनिवारी तळावर जाऊ शकतील. गोष्टीची पुस्तकं, पाटी आणि एक सतरंजी पुरे. मुकादमाला आणि आयाबायांना आधी भेटा. मोठं माणूस सोबत असू द्या, तळावर ट्रॅक्टर-बैलगाड्यांची ये-जा असते. खाऊ वाटू नका. खाऊ दिला की पोरं खाऊसाठी येतात आणि पुस्तक मागे पडतं.

कोयनाकाठ

बालाघाटचा, दादा, धन्यवाद. तळ शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि तो यादीत नव्हता. आमच्या मुलांपैकी काहींच्या घरच्याच उसाला ही तोड येते.

सगळ्यांचं वाचतेय. सावलीतली_माणसं यांचं 'तीच चार मुलं' लिहून ठेवलंय.

अक्षरमित्र

मी दृष्टिहीन आहे. फोनमधलं वाचक सॉफ्टवेअर धागा वाचून दाखवतंय. इथे अजून न आलेलं एक काम सांगतो. नववी आणि अकरावी हे दोन्ही वर्ग ताईंकडे आहेत म्हणून तर नक्कीच.

लेखनिक. दहावी-बारावीच्या परीक्षेत दृष्टिहीन मुलाचा पेपर लिहायला दुसरं कोणी लागतं. हा लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे दहावीसाठी नववीचा, बारावीसाठी अकरावीचा. अंध मुलांनाच नव्हे, अध्ययन अक्षमता असलेल्यांना, हाताने लिहिता न येणाऱ्यांनाही ही सवलत असते. परीक्षा मंडळाची परवानगी शाळेमार्फत आधी घ्यावी लागते. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो.

पण लेखनिक मिळणं कठीण. पालक म्हणतात, माझ्या मुलाची स्वतःचीच परीक्षा जवळ आली आहे. कोणी हो म्हणतं आणि ऐनवेळी येत नाही. माझ्या बारावीला एका पेपरला असंच झालं. सकाळी शेजारच्या वाड्यातून एक मुलगा उठवून आणला आणि केंद्रावर कागदपत्रांसाठी धावपळ झाली. पेपर सुरू झाला तेव्हा मला येत असलेलं निम्मं आठवेना.

आला तरी तयारीचा असेल असं नाही. मी 'एच टू ओ' सांगितलं तर दोन खाली लिहायचा, 'एक्सचा वर्ग' म्हटलं तर दोन वर. हे माहीत नसलेला लेखनिक मला भेटलाय. प्रश्न एकदाच घाईघाईने वाचणारा भेटला. माझं वाक्य सुधारून लिहिणाराही भेटला. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण उत्तर माझं राहिलं नाही. चांगला लेखनिक प्रश्न सावकाश दोनदा वाचतो, कोणत्या प्रश्नाला किती गुण ते सांगतो, सांगितलं तेवढंच लिहितो, शेवटी विचारलं तर लिहिलेलं वाचून दाखवतो आणि कोणता उपप्रश्न राहिला ते लक्षात ठेवतो. हे शिकवता येतं. सराव लागतो, आणि शक्य असेल तर त्याच परीक्षार्थीबरोबर लागतो. एकमेकांचा वेग कळायला वेळ जातो.

तुमच्या मंडळाने दहा-बारा लेखनिक तयार केले, प्रत्येक परीक्षार्थीला एक ठरलेला आणि एक राखीव असे, तर तुमच्या तालुक्यातल्या मुलांचा मोठा घोर मिटेल.

ऋतुगंध

अक्षरमित्र, वाचून थक्क झाले. इतकी वर्षं शिकवतेय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

विचारू_का

नववीच्या मुलीने दहावीचा पूर्ण पेपर तीन-चार तास लिहायचा, तिला ताण येणार नाही का? काही चूक झाली तर एखाद्याचं वर्ष जाईल ही जबाबदारी या वयात?

अक्षरमित्र

ताण येतो. म्हणूनच आधी घटक चाचणी, मग सहामाही, मग सराव परीक्षा, मग मंडळाचा पेपर, असं चढत न्यायचं. गणिताचा एक भाग दोन तासांचा असतो, जादा वेळ धरून दोन तास चाळीस मिनिटं. सुरुवात त्याच्यापासूनच करता येईल. आणि उत्तराची जबाबदारी परीक्षार्थीची आहे हे दोघांनाही आधीच स्पष्ट सांगायचं. लेखनिकाने फक्त ऐकलेलं बरोबर उतरवायचं. दहावीत माझे पेपर लिहिणारी मुलगी पुढच्या वर्षी स्वतः दहावीला बसली तेव्हा म्हणाली, पेपरात वेळ कसा वाटून घ्यायचा ते मला तुझ्याकडून कळलं.

अकरावीतली

मी अकरावीत आहे, इथे सहसा फक्त वाचते. विचारू_का काका, आम्हाला जबाबदारी दिली तर आवडते. फेरीत घोषणा द्यायला बोलावतात तेव्हा आम्ही मागे थांबून गप्पा मारतो, कारण आम्ही नसलो तरी फेरी निघणारच असते. लेखनिकाच्या कामात मी नसले तर पेपर अडतो. माझं नाव कोणी घेईल का? मी नाशिकला असते.

विचारू_का

बाळ, तुझं उत्तर माझ्या मुलीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्ही विचारलंत कुठे मला?" शनिवारचा निर्णय आता तिचा.

अक्षरमित्र

अकरावीतली, नाशिकमध्ये दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत आणि त्या लेखनिकांची यादी ठेवतात. तुझ्या प्राचार्यांना सांग, शाळेमार्फत विचारणा गेली की काम सोपं होतं. मला व्यक्तिगत निरोप कर, मी पत्ता देतो.

हिरवा_चाफा

अवांतर: रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली. कर्मवीरांच्या वसतिगृहांत मुलं स्वतःचं धान्य, पाणी, सफाई बघत शिकली. त्या मातीत बालाघाटच्या पोरांसाठी सतरंजी अंथरली जाते आहे याचा आनंद झाला.

कोयनाकाठ

आज मुख्याध्यापकांशी आणि मुलांशी बोलले. ठरलेलं लिहिते, चुकत असेल तर सांगा.

जुलैत मुलं गटागटाने विचारायला जातील. एक गट पंचायत समितीत समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटून तालुक्यात लेखनिक लागणारे परीक्षार्थी किती ते बघेल. लेखनिकांचा सराव घटक चाचणीपासून. तळावरचा वाचनाचा गट दिवाळीनंतर, टोळ्या आल्या की. वृद्धाश्रमात चार मुलं, तीच, दर शनिवारी. झाडं मोजायचं काम एका गटाने मागून घेतलंय, त्यांच्या गटप्रमुखीचा मान आठवीपासून कुंडीत कवठ वाढवणाऱ्या मुलीला मिळाला.

छायाचित्रांचा मुद्दा निघाला तेव्हा मुलांनीच सांगितलं की तळावरच्या पोरांचे आणि आजीआजोबांचे फोटो काढायचे नाहीत. अहवालात लेखी वर्णन जाईल. मुख्याध्यापकांनी मान्य केलं.

तासांची वही ठेवणार. पण तासांच्या रकान्याशेजारी 'आज काय कळलं' असा रकाना असेल. पोटोमॅककाठी यांचा तिसरा टप्पा. आणि वही खजिनदार मुलगा सांभाळणार, मी नाही.

एक अडचण उरली. अकरावीचे विद्यार्थी शास्त्राचे आहेत. बारावी कलेचा परीक्षार्थी आला तर शास्त्राचा मुलगा लेखनिक चालेल का?

अक्षरमित्र

चालेल, उलट विषय वेगळा असणं बरं. उत्तर सुचवल्याची शंका कोणाला येत नाही. फक्त त्याला त्या विषयातली नावं नीट लिहिता यायला हवीत. इतिहासाच्या पेपरला माझ्या लेखनिकाने 'बिपिनचंद्र' तीन प्रकारे लिहिलं होतं. परीक्षार्थीने आधी शब्दांची यादी द्यावी आणि सरावात ती लिहून घ्यावी. परवानगीचा अर्ज तुमच्या भागासाठी कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिकाचं ओळखपत्र, छायाचित्र, शाळेचा दाखला हे दिवाळीआधी गोळा करून ठेवा. राखीव मुलांचेही.

बालाघाटचा

ताई, टोळ्या आल्या की मला कळवा. आमच्या गावातून कोणाकोणाची माणसं तुमच्या बाजूला आली ते मी विचारून सांगतो. आईबापांना गावच्या माणसाने फोन केला की ती पोरांना सतरंजीवर पाठवायला कचरत नाहीत.